अवकाशातून जंगल तोलता येतं का?

रानवाट: २०२५च्या एप्रिलमध्ये युरोपीय अवकाश संस्थेचा 'बायोमास' आणि जुलैत इस्रो-नासाचा 'निसार' हे रडार उपग्रह वर गेले. तेव्हापासून एकच ऐकतोय, आता जंगलाचं वजन काढायला फीत घेऊन रानात हिंडायला नको. मला हे मुळीच पटत नाही. उपग्रह झाड तोलत नाही. रडारची लहर झाडोऱ्यावरून परतते, त्या परतीच्या जोरावरून वजनाचा अंदाज बांधतात. निसारची एल-बँड (रडार लहरींचा एक पट्टा) लहर साधारण २४ सेंमी लांबीची. हेक्टरी शंभर टन झाडोऱ्याच्या आसपास ती थकते. पुढे दीडशे काय नि तीनशे काय, जवळपास सारखंच. जिथे झाडांत साठलेला कार्बन सर्वांत जास्त, तिथेच नजर अधू!

क्षितिज: असहमत. नेमक्या याच अडचणीसाठी 'बायोमास'वर पी-बँड आहे, आणखी लांब, सुमारे ७० सेंमीची लहर. पानं-डहाळ्या ओलांडून ती जाड फांद्या-खोडांना भिडते, आणि वजन असतं तिथेच. ॲमेझॉन किंवा काँगोच्या पोटात किती ठिकाणी फीत पोचली आहे? आणि फीत तरी कुठे तोलते? १.३ मीटरवर खोडाची जाडी मोजायची, उंची आणि लाकडाची घनता धरायची, सूत्रात घालायचं. ते सूत्र कोणीतरी मोजकी झाडं तोडून, वाळवून, तोलून बसवलेलं. अंदाज दोन्हीकडे आहे.

रानवाट: सूत्राचं मान्य. पण मी प्लॉटवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्यावर, फीत धरली आहे. बुंध्याला फळ्यांसारखी मुळं डोक्यापर्यंत चढलेली असली, तर १.३ मीटरवर मोजून उपयोग नाही. शिडी लावून फळ्या संपतात त्याच्या वर मोजावं लागतं. खोडाला वेल चिकटलेली असेल तर फीत तिच्याखालून ओढायची, नाहीतर वेलीची जाडी झाडाच्या नावावर चढते. खोड ठोकून पोकळ वाजलं तर तसं वहीत टिपायचं. 'बायोमास'चा नकाशा २०० मीटरच्या चौकटींचा, म्हणजे चार हेक्टरला एक आकडा. त्या आकड्याला यातलं काय कळणार?

तिसरी बाजू: लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारं यंत्र, विसरू नका. अवकाश स्थानकावरचं 'जेडी' २५ मीटरच्या ठिपक्यात लेसर टाकून झाडांची उंची देतं. मात्र स्थानकाच्या कक्षेमुळे ५१.६ अंश अक्षांशापलीकडची उत्तरेकडची जंगलं त्याला दिसत नाहीत. शिवाय अमेरिकेच्या अवकाश-निगराणी रडारांना व्यत्यय नको म्हणून 'बायोमास'चं रडार युरोप आणि उत्तर अमेरिकेवर बंद ठेवावं लागतं. एकट्या उपग्रहावर भिस्त ठेवून भागणार नाही.

क्षितिज: एकट्यावर ठेवा असं मी म्हटलंच नाही. पण प्लॉट वर्षानुवर्षांनी एकदा मोजला जातो, आणि मधल्या काळात शेजारची टेकडी बोडकी झाली तर वहीत ते उमटत नाही. निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो, ढग असोत की रात्र. हे सोडून द्यायचं?

रानवाट: नाही सोडायचं. तोड झाली की नाही हे त्यालाच विचारा. पण टनांवर कार्बन क्रेडिटचे (झाडांत कार्बन साठवून ठेवल्याबद्दल मिळणारे) पैसे मोजले जाणार असतील, तर त्या आकड्याखाली किती प्लॉट होते आणि चूक किती टक्के धरली, हे त्याच पानावर छापलेलं हवं.

क्षितिज: एवढ्यापुरतं मान्य. फक्त प्लॉटवाल्यांनीही आपली चूक तिथेच छापावी.