पुणे–बेलापूर जा-ये, चार लाखांत जुनी गाडी: ‘रनिंग किती?’ हा प्रश्नच सोडा

कोथरूड_ते_कोकणभवन

मंडळी, ऑफिस बेलापूरला हललं. आठवड्यातून तीन दिवस हजेरी, घर कोथरूडला. चांदणी चौक, किवळे, मग द्रुतगती मार्गाचे ९४.५ किलोमीटर, कळंबोली आणि पुढे. एका बाजूला साधारण १३० धरा. महिन्याचे बारा दिवस म्हणजे ३,१२० किलोमीटर, वर्षाचे ३७ हजारांच्या वर. बजेट चार लाख, त्यात दुरुस्तीही आली.

दोन महिने गाड्या बघतोय आणि एक मत पक्कं झालंय. मांडतो, झोडपायचं तर झोडपा. जुनी गाडी बघायला गेलं की आपला पहिला प्रश्न ‘रनिंग किती?’ पंचेचाळीस हजार म्हटलं की चेहरा खुलतो, सव्वा लाख म्हटलं की पाय मागे. पण ते पंचेचाळीस हजार झालेत कुठे? लक्ष्मी रोड, डेक्कन, शाळेसमोरची रांग. अर्धा क्लच, पहिला-दुसरा गिअर, इंजिन तापायच्या आत बंद. याउलट रोज सातारा किंवा नगर गाठणारी गाडी तासन्‌तास वरच्या गिअरला, इंजिन नीट तापलेलं, ब्रेक क्वचित. दोन्ही गाड्यांच्या मीटरवरचा एक किलोमीटर सारखा नाही. म्हणून माझी पसंती २०१६-१७ची, लाखाच्या वर पळालेली डिझेल. होंडाची जॅझ किंवा ह्युंदाईची आय ट्वेंटी. दोन्हींना सहावा गिअर आहे, शंभरावर इंजिन दोन हजारांच्या आसपास आरामात फिरतं.

हिशेब: पेट्रोल १०४, डिझेल ९१ धरलं, अ‍ॅव्हरेज १७ आणि २१, तर महिन्याला पेट्रोलचे १९ हजार आणि डिझेलचे साडेतेरा. फरक साडेपाच हजार. बोला.

गॅसवर_गाडी

डिझेलचं खूळ डोक्यातून काढा साहेब. मारुतीनेच एप्रिल २०२० ला डिझेल बंद केलं, काहीतरी विचार करूनच ना? कंपनी फिटेड सीएनजीची वॅगन आर घ्या. किलोला २४ सहज, ९० चा भाव धरला तरी महिन्याला पावणेबारा हजार. तुमच्या डिझेलहून पावणेदोन हजार कमी, आणि डिझेलच्या टर्बो-इंजेक्टरच्या खर्चाची धास्ती नाही. शिवाय गॅस तिकडेच भरा, नवी मुंबईत पुण्यापेक्षा स्वस्त मिळतो.

कोथरूड_ते_कोकणभवन

काका, सिलिंडरमध्ये गॅस बसतो आठ-नऊ किलो. म्हणजे दोनशे किलोमीटर. माझी जा-ये २६०. ऑफिसला जायच्या प्रत्येक दिवशी रांग ठरलेली. सीएनजीची रांग तुम्ही पाहिलीच असेल, की तुमच्यासाठी वेगळी खिडकी आहे? आणि परतताना खोपोलीनंतरचा चढ, एसी चालू, एक लिटरचं इंजिन, त्यात गॅसवर ताकद आणखी कमी. मागून कंटेनर दिवे मारतोय. पावणेदोन हजारांसाठी नको.

गॅसवर_गाडी

चढावर पेट्रोलचं बटण दाबायचं. दोन मिनिटांचं काम. आणि रांगेत उभं राहून वर्तमानपत्र वाचून होतं.

पनवेल_पास

मला एक कळत नाही, टोल कोणीच कसा धरत नाही? कारला एका बाजूचे ३२०. जाऊन-येऊन ६४०, बारा दिवसांचे ७,६८०. गाडी कुठलीही घ्या, हा आकडा हलत नाही. डिझेल धरून महिना एकवीस हजार आत्ताच झाले, हप्ता, विमा, टायर वेगळे. प्रगती पनवेलवरून जाते. पनवेलला उतरा, हार्बरची लोकल पकडा, बेलापूर. मासिक पास काढा आणि झोपा.

शिवाजीनगर_१६

टोलला आता तीन हजारांच्या आसपासचा वार्षिक पास आहे की! दोनशे फेऱ्या.

पनवेल_पास

तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे. इथे ३२० म्हणजे ३२०. आमच्या सोसायटीत दोघांनी पास काढून खालापूरला पैसे कापल्यावर डोक्याला हात लावला.

कोथरूड_ते_कोकणभवन

टोलचं मान्य. मी तो मुद्दाम धरला नाही, सगळ्या गाड्यांना सारखाच म्हणून. (बायकोसमोर तर अजिबात धरला नव्हता.) ट्रेनचं म्हणाल तर प्रगती दुपारी चारनंतर मुंबईहून निघते, माझं ऑफिस साडेसातला सुटतं. जाताना झोपेन, येताना कुठे झोपू?

गॅरेज_पिंपरी

बावीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय, म्हणून लिहितो. मूळ मुद्दा अर्धा बरोबर आहे. हायवेचं रनिंग इंजिनाला चांगलं, यात वाद नाही. पण सव्वा लाखाला इंजिन सोडून बाकीची गाडी काय म्हणते? सस्पेन्शनचे बुश, शॉकअब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग, क्लच प्लेट, सगळं याच सुमारास बदलायला येतं. इंजेक्टर गळायला लागला तर खर्च हजारांत मोजायचा. ही कामं हायवेच्या गाडीलाही येतातच, फार तर थोडी उशिरा. चार लाखांतले पन्नास हजार बाजूला ठेवा, म्हणजे तुमची गाडी साडेतीन लाखांची.

दुसरं, ‘हायवेची गाडी आहे’ हे एजंटचं आवडतं वाक्य आहे. मीटर मागे घेता येतं तसं रनिंग हायवेचं आहे असंही सांगता येतं. मी काय बघतो सांगू? क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड. गावातली गाडी असली की पेडल गुळगुळीत. हायवेच्या गाडीच्या बोनेटवर आणि पुढच्या काचेवर खड्यांचे बारीक टवके हवेतच. लाखभर हायवे पळालेली काच कोरी करकरीत असेल तर एक तर काच बदललीय, नाहीतर गोष्ट रचलीय. सर्व्हिस रेकॉर्ड चेसिस नंबरवरून काढा, मालकाने दाखवलेल्या वहीवरून नको.

चाकण_शिफ्ट

दिल्लीची घ्या! तिकडे दहा वर्षांच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार, मातीमोल भावात येतात.

गॅरेज_पिंपरी

तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, पुन्हा पासिंग, एजंटचे पैसे. स्वस्ताई इथेच संपते. परत विकताना एमएच बाराचं गिऱ्हाईक नाक मुरडतं ते वेगळं.

उर्से_उजवी_लेन

सगळे अ‍ॅव्हरेजवर बोलताय, ब्रेकवर कोणीच नाही. मी चार वर्षं हा रस्ता केलाय, पहाटे धुक्यात आणि जुलैच्या पावसात. वरच्या वॅगन आरला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत २०२३ ला पाचपैकी एकच तारा मिळालाय. शंभरच्या रस्त्यावर मी ती स्वस्त म्हणणार नाही. दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ देत नाही ते) नसेल तर गाडी बघायलाही जाऊ नका. तेव्हाच्या खालच्या मॉडेलना बहुतेकदा ते नसायचं, आणि जुन्या बाजारात स्वस्त दिसतात ती नेमकी तीच.

आणि टायर! नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. कडेवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. काँक्रीटवर उन्हात तासभर सलग पळताना जुनाट रबर फुटतं, तेव्हा उरलेली नक्षी काही उपयोगाची नसते. माझा फुटलाय, कामशेतच्या अलीकडे. बाजूची लेन रिकामी होती म्हणून आज लिहितेय.

अजून एक, घाट उतरताना तिसरा गिअर आणि साठची मर्यादा. तिथे कॅमेरे आहेत. घेण्याआधी गाडीच्या नावावरची जुनी चलानं बघा, नाहीतर आधीच्या मालकाचा वेग तुम्ही भराल.

गॅसवर_गाडी

ताई, ताऱ्यांचं पटलं. मग डिझायर सीएनजी बघा म्हणतो.

कोथरूड_ते_कोकणभवन

काका, तुम्ही हरणार नाही.

गॅरेजवाल्या दादांचं मनावर घेतलंय. सव्वा लाखाला घाबरत नाही हे माझं मत अजून तेच आहे, पण पन्नास हजार बाजूला काढले. म्हणजे आय ट्वेंटी यादीतून गेली, त्यांचे भाव साडेतीनच्या वर आहेत. चिंचवडची २०१६ची जॅझ डिझेल उरली, १,१८,००० पळालेली. फोटोत बोनेटवर टवके दिसतायत, आयुष्यात पहिल्यांदा टवके बघून बरं वाटलं. टायर मात्र २०१७चे, चार नवे टाकावे लागतील. एअरबॅग दोन आहेत, एबीएस आहे. रविवारी सकाळी बघायला जातोय.

गॅरेज_पिंपरी

इंजिन गार असताना स्वतः चालू करा. डिझेलचा धूर आणि खडखड पहिल्या मिनिटातच कळते. तापल्यावर सगळ्याच गोड बोलतात.

कोथरूड_ते_कोकणभवन

आत्ताच मालकाला फोन केला. म्हणाले, ‘या की, तुम्ही येईपर्यंत चालू करून तयार ठेवतो.’ नको म्हणालो. जरा वेळ काहीच बोलले नाहीत.