'यारिगान्ना'ला रंधा म्हणावे का?

प्रश्न : जपानमधल्या प्राचीन लोखंडी अवजारांवरचा लेख मराठीत आणतो आहे. 'कुवा'साठी कुदळ आणि 'यारिगान्ना'साठी रंधा असे शब्द घेतलेत. चालतील का?

उत्तर : दोन्ही बदलावेत, असं कळकळीने सांगतो.

कुदळ टोकाची, कठीण जमीन खणायची. कुवाचं पातं रुंद, दांड्याशी कोनात, माती ओढायचं. म्हणजे आपलं खोरं. पण नुसतं 'लोखंडी खोरं' लिहू नका. यायोई काळात (जपानमध्ये भातशेती रुजली तो प्राचीन काळ) पातंही लाकडीच असे. त्याच्या धारेवर लोखंडाची पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून बसवत. पुढे ५व्या शतकाच्या सुमारास नालेच्या आकाराची धार आली. लोखंड कोरियाच्या दक्षिण भागातून आणावं लागे, म्हणून जिथे माती लागते तेवढ्यापुरतंच ते वापरत. लाकडी नांगराला फाळ असतो ना, अगदी तसं. 'फाळ लावलेलं लाकडी खोरं' म्हणा.

रंध्याची चूक मात्र मोठी आहे. रंध्याचं पातं लाकडी ठोकळ्यात अडकवलेलं असतं. किती खोल सोलायचं ते ठोकळा ठरवतो. यारिगान्नाला ठोकळाच नाही. लांब दांडा, त्यावर भाल्यासारखं, टोकाशी किंचित वर वळलेलं दुधारी पातं. खोली सुताराच्या हातात. त्यामुळे लाकडावर उथळ पन्हळी उमटतात. ठोकळ्याचा रंधा जपानमध्ये रुळला १५व्या शतकाच्या आसपास, आणि यारिगान्ना मागे पडला. होर्यूजी या नारा भागातल्या प्राचीन बौद्ध मंदिराचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी तो पुन्हा घडवून घेतला आणि याकुशिजी मंदिराच्या नव्या बांधकामात वापरला. 'रंधा' लिहिलंत तर हा सगळा इतिहासच पुसला जाईल. मी 'भालतासणी' सुचवेन.

आणखी एक मत : तासणी म्हटलं की बऱ्याच जणांना वाकसच (ठोके मारून लाकूड तासायचं सुताराचं हत्यार) आठवेल, आणि वाकस म्हणजे जपानी 'चोना'. तो वेगळा. मूळ शब्द ठेवून पहिल्या वेळी 'दांड्याचं तासणपातं' असा खुलासा करावा.

उत्तर : हे पटलं. वाकसाची आठवण मलाही टाळायची आहे. मूळ शब्दच ठेवा.

करवतीबद्दलही जपा. 'नोकोगिरी' म्हणजे करवत, यात वाद नाही. पण ओंडका उभा चिरणारी दोन माणसांची मोठी करवतही १५व्या शतकाच्या सुमारासच आली. होर्यूजी बांधलं त्या काळी, ७व्या शतकात, सरळ रेषेच्या हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडात पाचरी ठोकून ते फोडत. तेव्हा त्या भागात 'फळ्या कापल्या' नको, 'फळ्या फोडून काढल्या' लिहा.