शिकतानाच चांगली लोकर घ्यावी का?

मीरा: सुलट आणि उलट, दोन्ही टाके आता जमतात. बाबांसाठी मफलर विणायचा आहे. सगळे म्हणतात, आधी साध्या अ‍ॅक्रिलिकवर हात बसू दे. पण मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची लडी हातात घेतली आणि ती खाली ठेववेना. वाया जाईल का?

सुलटउलट: मीरा, मेरिनोच घे. लोकरीचा धागा ताणला की पुन्हा जागेवर येतो. त्यामुळे नवख्या हाताचे लहानमोठे टाके धुतल्यावर बरेच सारखे दिसतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये ते तसेच राहतात. मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉनहून बारीक असतो, म्हणून गळ्याला टोचत नाही. वाया काय जायचंय? चुकलं तर उसवायचं, गुंडा करायचा, पुन्हा टाके घालायचे.

फक्त रंग फिका घे आणि धागा गुळगुळीत, चांगला पीळ असलेला. प्रत्येक टाका डोळ्यांना दिसला पाहिजे. मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची केसाळ लोकर, सध्या नको, तिचे केस एकमेकांत अडकतात आणि उसवताना जीव जातो. सुया लाकडी किंवा बांबूच्या घे, धातूच्या सुईवरून टाके पटकन घसरतात. सगळी लोकर एकाच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली आहे ना, ते लेबलावर बघ.

आणि सगळ्या ओळी सुलटच घाल. एक सुलट, एक उलट अशा ओळी घातल्यास तर कडा वळतात. सुलट-सुलट वीण सपाट राहते, जाड आणि ऊबदार होते. चार बोटं वीण झाली की मांडीवर पसरून तिच्यावरून हात फिरव. मला विणकामातलं सर्वांत जास्त सुख तिथे मिळतं.

मफलरला नमुना, म्हणजे माप बघायचा छोटा चौकोन, नाही विणलास तरी चालेल, स्वेटरला मात्र विणायचाच. 10 सेंमीत 22 टाके हवेत आणि तुझे 20 बसले, तर 100 सेंमीचा घेर 110 होतो. नमुना धुऊन, वाळवून मगच मोजायचा.

गुंडा: मीराताई, बाबा मफलर मशीनमध्ये टाकणार असतील तर लेबलावर ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर घ्या. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की तंतूंवरचे खवले एकमेकांत रुततात आणि वीण आटून नमद्यासारखी होते. ते परत सुटत नाही.

मीरा: सुपरवॉशच घेते. लडीवरूनच विणायला घेऊ का?

सुलटउलट: नको, गुंता होईल. लडी खुर्चीच्या पाठीवर अडकव आणि आधी सैलसर गुंडा करून घे. घट्ट गुंडाळलास तर धागा ताणलेलाच राहतो.