अनुभव धागा: शहरातला टोल रस्ता - करार, नाका आणि रस्त्याखालच्या नळ्या

महामार्गावरचा टोल आणि शहरातला टोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महामार्गावर गाडी लांब जायला निघालेली असते. शहरात तीच माणसं रोज तोच नाका ओलांडतात, तेही तीन-चार किलोमीटरच्या कामासाठी. कोल्हापूरचा एकात्मिक रस्तेविकास प्रकल्प, मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके आणि दिल्ली-नोएडा जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग ही उदाहरणं समोर ठेवून या क्षेत्रात काम केलेल्यांनी लिहावं. टोल असावा की नसावा यावर मतं भरपूर आहेत. इथे हिशेब, कामाचा क्रम आणि बिघाड नेमका कुठे होतो ते हवं आहे.

प्रकल्पवित्त

कंपनीने रस्ता बांधायचा आणि टोलमधून खर्च वसूल करायचा, असा करार हातात आला की आधी टोलचा दर पाहू नका. 'एकूण प्रकल्पखर्च' या शब्दाची व्याख्या पाहा. डीएनडीचा करार 1997 सालचा, मार्ग खुला झाला 2001 मध्ये. त्या करारात एकूण खर्चावर दरसाल 20 टक्के परतावा धरला होता, आणि एखाद्या वर्षी तो पूर्ण मिळाला नाही तर उरलेली रक्कम पुन्हा एकूण खर्चात मिळवायची होती.

याचा अर्थ कळावा म्हणून सोपे, काल्पनिक आकडे घेतो. खर्च 400 कोटी, म्हणजे परतावा 80 कोटी. देखभाल वजा जाऊन हाती आले 30 कोटी. राहिलेले 50 कोटी मुद्दलात गेले, मुद्दल झालं 450. उत्पन्न 30 कोटींवरच थांबलं तर पुढे 510, मग 582, मग 668. पाचव्या वर्षाअखेर 772 कोटी! टोल रोज गोळा होतोय आणि येणं दुपटीकडे चाललंय. निव्वळ उत्पन्न मुद्दलाच्या 20 टक्क्यांवर जात नाही तोवर हा आकडा खाली येऊच शकत नाही, आणि 'खर्च वसूल झाला की टोल बंद' हे कलम कागदावरच राहतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 26 ऑक्टोबर 2016 रोजी तिथला टोल थांबवला. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय कायम ठेवला आणि निविदेविना काम दिल्यावरही बोट ठेवलं.

म्हणून करार वाचताना तीन गोष्टी तपासा: तूट मुद्दलात जाते का, देखभालीचा खर्च कोण मंजूर करतं, आणि देखभालीचं कंत्राट कंपनीच्याच नातलग कंपनीला देता येतं का. तिसरी गोष्ट फार कमी लोक पाहतात. देखभालीचं बिल फुगलं की निव्वळ उत्पन्न घटतं, आणि वरचं चक्र आणखी वेगाने फिरतं.

वाहतूक सर्वेक्षण

वाहनगणना सलग सात दिवस, चोवीस तास करायची. एका दिवसाच्या मोजणीला सातने गुणून चालत नाही, कारण बाजारचा दिवस आणि रविवार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोल्हापूरसारख्या ठिकाणी गाळप हंगाम आणि नवरात्र वेगळे धरावे लागतात. उसाच्या ट्रॉल्या भरलेल्या महिन्यातली मोजणी वर्षभराला लावली की जड वाहनं कागदावर फुगतात.

दुसरी चूक एककाची. रस्त्याची रुंदी ठरवताना मोटार 1, दुचाकी 0.5, ट्रक किंवा बस 3 असं कार-एककात मोजतात. रुंदीसाठी ते बरोबर आहे. पण टोलच्या उत्पन्नाचा अंदाज त्या एककावरून काढू नये. टोल वाहनाच्या वर्गावर बसतो आणि दुचाकीला बहुतेक ठिकाणी माफ असतो. शहरी रस्त्यावर दुचाकींची गर्दी प्रचंड, उत्पन्न शून्य.

तिसरं, गाडी कुठून कुठे जाते हे चालकाला थांबवून विचारलंच पाहिजे. यातून रोजचे स्थानिक फेरे वेगळे काढता येतात. ते पासात किंवा सवलतीत जाणार हे आधीच गृहीत धरून उत्पन्न मांडावं. कोल्हापुरात शहरात येणाऱ्या वाटांवर 9 नाके होते, म्हणजे शेजारच्या गावातून दूध, भाजी किंवा दवाखान्यासाठी येणाऱ्याला पर्यायच नव्हता. पर्यायी वाट असेल तर वाहनं तिकडे वळतात आणि अंदाज चुकतो. नसेल तर रोष साठतो. अंदाजपत्रकात दुसऱ्या शक्यतेचा रकाना नसतो, तो असायला हवा.

नाक्यावरची यंत्रणा

रोख घेणाऱ्या मार्गिकेत एका गाडीला 15 सेकंद लागले तर तासाला 240 गाड्या सुटतात. गर्दीच्या तासाला एका दिशेने 3,000 गाड्या येत असतील तर 13 मार्गिका लागतील. शहरात एवढी जागा कुठून आणणार? सुट्ट्या पैशांसाठी 15 चे 25 सेकंद झाले की तासाचा आकडा 240 वरून थेट 144 वर येतो. रांग लागते ती इथे.

फास्टॅग आल्यावर हिशेब बदलला, बिघाडही बदलले. मार्गिकेत क्रमाने वरचा अँटेना, रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी (लूप), आस (ॲक्सल) मोजून गाडीचा वर्ग ठरवणारी यंत्रणा, कॅमेरा आणि शेवटी बूम (वर-खाली होणारा आडवा दांडा) असतो. टॅगला स्वतःची बॅटरी नसते. अँटेनाच्या 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरींवर तो उत्तर देतो. नेहमीच्या तक्रारी अशा:

- मागच्या किंवा शेजारच्या गाडीचा टॅग आधी वाचला जाणं. अँटेनाची शक्ती जास्त ठेवली किंवा कोन चुकला की होतं. शक्ती कमी करून कोन आपल्याच मार्गिकेकडे खाली वळवायचा.
- बूम गाडीवर पडणं. बहुतेक वेळा बूमखालची लूप मेलेली असते. डांबराला चीर गेली की पाणी आत जातं आणि तार तुटते. पावसाळ्याआधी लूपचा रोध मोजा आणि खाचेत नवं सीलंट भरा.
- टॅगचा वर्ग आणि आस-मोजणी न जुळणं. मोटारीला व्यापारी वाहनाचा टॅग दिलेला असतो किंवा उलट. बँकेकडूनच दुरुस्त होतं, नाक्यावर वाद घालून नाही.

हातात धरून दाखवलेल्या टॅगनेही वाचनात घोळ होतो. काचेला आतून, आरशामागे मधोमध चिकटवा.

रस्ता आणि भूमिगत वाहिन्या

कोल्हापुरात जवळपास 50 किलोमीटर रस्ते आणि मूळ खर्च 220 कोटींच्या घरात, कंपनीला दिलेला टोलवसुलीचा काळ 30 वर्षं. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण जुन्या शहरात रस्ता म्हणजे फक्त डांबर नव्हे. पाण्याची मुख्य वाहिनी, घरजोडण्या, ड्रेनेज, विजेचे खांब, टेलिफोनच्या तारा हे सगळं आधी हलवायचं. हे काम कोणी आणि कोणाच्या पैशाने करायचं ते करारात स्पष्ट नसेल तर खांब तिथेच राहतो आणि रस्ता त्याच्याभोवती होतो.

क्रम असा हवा: चाचणी खड्डे घेऊन वाहिन्यांचा नकाशा, मग स्थलांतर, मग पुढच्या जोडण्यांसाठी रस्त्याखालून आडव्या रिकाम्या नळ्या, त्यानंतर पाया आणि डांबर. चौकात आणि ठरावीक अंतरावर टाकलेली रिकामी नळी स्वस्त पडते. ती नसेल तर पहिल्याच वर्षी जोडणीसाठी नवा रस्ता खोदला जातो. चर भरताना माती एकदम ढकलून वर डांबर ओतलं की पहिल्या पावसात तो बसतो. 15-20 सेंटिमीटरच्या थरांत दाबून भरावा आणि वरचं डांबर चराच्या कडेपलीकडे कापून घ्यावं.

करारसमाप्ती

वरच्या भागांत न आलेलं एवढंच. महामार्गांच्या आदर्श करारात करार मुदतीआधी मोडला आणि दोष सरकारचा असेल तर कंपनीला शिल्लक कर्ज आणि शिवाय भागभांडवलाची दीडपट रक्कम, दोष कंपनीचा असेल तर शिल्लक कर्जाच्या 90 टक्के असं ठरलेलं असतं. शहरी करारात असं सूत्र नसलं की मूल्यांकन समित्या बसतात. कोल्हापूरचा टोल 2015 च्या डिसेंबरात रद्द करायचं ठरलं, आणि त्याआधी रस्त्यांची मोजणी, अपूर्ण कामांची किंमत यावर बराच काळ गेला. मुंबईत 2010 च्या कराराने 2,100 कोटी आगाऊ घेतले होते. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफी मिळाली, जड वाहनांचा टोल चालूच राहिला. आगाऊ पैसे घेतलेले असताना माफी दिली की भरपाईचा हिशेब सरकारच्या दारात येतो. त्यासाठी माफीआधीच्या बारा महिन्यांची वर्गवार, मार्गिकावार नोंद दोन्ही पक्षांच्या सहीने गोठवून ठेवा. नंतर ती नोंद कोणालाच मान्य होत नाही.