'प्री-एक्लाम्प्सिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (अनुवादक, कोथरूड):
गरोदर बायकांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आशाताई ते वाटणार आहेत. 'प्री-एक्लाम्प्सिया'साठी कुणीतरी 'पूर्वगर्भाक्षेपक' सुचवलाय. वाचूनच धडकी भरते. नुसतं 'गरोदरपणातलं बीपी' चालेल का?

उत्तर (संस्कृतचे शिक्षक):
'आक्षेपक' आयुर्वेदातल्या वातव्याधींत येतो, अंगाला झटके येणं या अर्थी. म्हणजे शब्द चुकीचा नाही. पण आजच्या मराठीत आक्षेप म्हणजे हरकत. 'गर्भाक्षेप' वाचून माणूस विचारेल, हरकत कुणाची, सासूबाईंची? 'एक्लाम्प्सिया'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकाएकी चमकणं असा आहे. 'टॉक्सिमिया' या आजाराच्या जुन्या इंग्रजी नावावरून केलेला 'विषबाधा'ही कुठेकुठे दिसतो. तो मात्र वापरू नका.

उत्तर (निवृत्त परिचारिका, प्रसूती विभाग):
'विषबाधा' खरंच नको. नातेवाईक लगेच "काय खाल्लं होतं?" म्हणून त्या पोरीलाच धारेवर धरतात. विष कसलंही नसतं. दुखण्याचं मूळ वारेत (प्लासेंटात) असतं, म्हणून वार पडेपर्यंत ते हटत नाही. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, पण खरा इलाज बाळंतपणच.

'गरोदरपणातलं बीपी' अपुरं पडतं, कारण काहींना आधीपासूनच बीपी असतं. हा आजार साधारण 20 आठवड्यांनंतर दिसतो. बीपीचा वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, नाहीतर त्याहून जास्त, आणि जोडीला लघवीतून प्रोटीन जाणं, नाहीतर यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांत बिघाड. 160/110 झालं की थांबायची सोय नाही.

पण ताई, नावापेक्षा मला दुसऱ्याच शब्दाची काळजी आहे: 'पित्त'. आपल्याकडे डोकं दुखलं तरी पित्त, मळमळलं तरी पित्त, छातीखाली जळजळलं तरी पित्त. आणि या आजारात नेमकं हेच होतं! गोळीने न थांबणारी डोकेदुखी, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, उलट्या. "काही नाही हो सिस्टर, पित्त झालंय" असं म्हणणारीचं बीपी आम्ही आधी बघायचो, मग बाकीचं बोलायचो. बायका आलं-लिंबू घेऊन, डोक्याला बाम चोळून दुखणं अंगावर काढतात. म्हणून पत्रकात सरळ लिहा: पाचव्या महिन्यापासून पुढे 'पित्त' वाटलं तर आधी बीपी मोजून घ्या.

दुसरा शब्द 'सूज'. पाय तर बहुतेकींचे सुजतात. तेवढ्याने घाबरायचं नाही. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, बांगड्या चढेनात, वजन आठवड्याभरात भराभर वाढलं, तर दाखवायचं. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधारी, धूसर दिसणं हेही लिहा. श्वास लागणं, लघवी कमी होणं आणि बाळाची हालचाल मंदावणं विसरू नका.

उपप्रश्न (अनुवादक):
आणि या आजारात येऊ शकणाऱ्या झटक्यांना? 'फिट' की 'आकडी'?

उत्तर (परिचारिका):
दोन्ही लिहा. शहरात 'फिट', गावाकडून आलेल्या 'आकडी' म्हणतात. 'मिरगी' मात्र नको, तो वेगळा आजार.

फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कुशीवर वळवायचं, शक्यतो डाव्या, आजूबाजूचं टणक काही बाजूला सारायचं आणि 108ला फोन. दवाखान्यात फिट थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते चालू असताना सिस्टर दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारते, श्वास मोजते, लघवीची पिशवी बघते. नातेवाइकांना वाटतं, उगाच त्रास देतेय. औषध अंगात जास्त झालं तर आधी हातोडीने गुडघा उडणं थांबतं, मग श्वास मंदावतो. श्वास मिनिटाला 16च्या खाली किंवा लघवी तासाला 30 मिलीपेक्षा कमी झाली की पुढचा डोस थांबवतात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी तयार असतं.

उत्तर (वाचक, हडपसर):
'बाळंतवात' राहिला की! बाळंतपणानंतर काही झालं की आमची आजी तेच म्हणायची.

उत्तर (परिचारिका):
बरं आठवण केलीत. बाळ झालं म्हणजे सुटलो, असं नाही. बीपी बाळंतपणानंतरही चढतं, पहिल्या आठवड्यात जास्त जपायचं, पण सहा आठवड्यांपर्यंत फिट येऊ शकते. तोवर पोरगी माहेरी गेलेली असते. डोकं ठणकलं की घरचे म्हणतात, "कानात वारं गेलं, कापूस घाल." कापूस घालायला हरकत नाही, बीपी मात्र त्याच दिवशी बघा.

अनुवादक:
ठरलं. मथळा 'गरोदरपणातला बीपीचा आजार (प्री-एक्लाम्प्सिया)' असा करते. डॉक्टरांच्या कागदावर तेच नाव असतं, म्हणून ते ठेवलं. पहिलं वाक्य पित्ताचं. 'पूर्वगर्भाक्षेपक' कोशातच राहू दे.