मदत हवी आहे: कानशीला दाते पाडायचं जुनं मशीन, चाक बदलू का?

मंडळी, कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दिवाळीच्या सुमारास भंगारात ओतीव लोखंडाचं एक धूड दिसलं. भंगारवाला म्हणाला, "जुना प्रेस हाय, किलोवर न्या." वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, "प्रेस कसला, कानशी कापायचं मशीन हाय हे." नावाची पाटी कुणीतरी आधीच उपटून नेलेली.

वर आडवा शाफ्ट, त्यावर तीन उंचवट्यांचा कॅम. कॅम हातोड्याचा दांडा उचलतो, उंचवटा सरला की जाड स्प्रिंग दांड्याला खाली आपटते. खालच्या टोकाला किंचित तिरकी छिन्नी. एक ठोका, एक दात. टेबल स्क्रूवर सरकतं. कोरी पट्टी ज्या पाळण्यात बसते तो बुडाला गोल आहे, त्यामुळं पट्टी आपोआप डोलून छिन्नीच्या धारेला समांतर येते. मी अर्धा तास नुसता पाळणाच हलवत बसलो होतो.

गुळगुळीत झालेल्या बास्टर्ड (मध्यम खरबरीत दात्यांच्या) कानशी लाल करून राखेत थंड केल्या, उरलेले दाते ग्राइंडरवर उतरवले आणि चालवून बघितलं. टोकाकडं पट्टी निमुळती होते तिथं छिन्नी फार खोल जाते. दुसरी बाजू कापताना पहिलीचे दाते चेपतात. आणि मुख्य म्हणजे दात्यांतलं अंतर सारखं पडत नाही. स्क्रूला ठोक्यागणिक एकेक दात पुढं फिरवणारं रॅचेटचं चाक काढलं तर त्याचेच दाते कमीजास्त. झिजलं असणार. शिरोलीतल्या ओळखीच्या गिअरवाल्याला सारख्या दात्यांचं नवीन चाक करायला सांगितलंय. पुढं जाऊ का?

प्रतिसाद १
थांबा! आधी गिअरवाल्याला फोन करा. हातानं कापणारा कारागीर छिन्नी मागच्या दाताच्या उठलेल्या काठाला टेकवून ठोका मारायचा, सगळा हाताचा अंदाज. त्यामुळं अंतरात बारीक फरक राहायचा आणि तोच फायद्याचा होता. मशीननं अगदी सारखे दाते पाडले की कानस कामावर थरथरते, रेघा उठवते. अमेरिकेत विल्यम निकोल्सननं १८६४ मध्ये आपल्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या कंपनीच्या कानशींत अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असायचं. तुमचं चाक झिजलं असेल तर दात्यांची टोकं गोल, चकचकीत दिसतील. टोकं धारदार असतील आणि फरक क्रमानं वाढत-कमी होत असेल, तर ते कुणीतरी विचार करून बनवलंय.

प्रतिसाद २
दाते चेपू नयेत म्हणून कापलेल्या बाजूखाली मऊ धातूची पट्टी ठेवतात. जस्ताची घ्या. इंग्लंडातल्या शेफील्डचे हातकारागीर शिशाच्या ठोकळ्यावर काम करायचे आणि शिसं बाधून आजारी पडायचे. टोकाला ठोका हलका हवा. स्प्रिंगचा ताण बदलणारा एखादा दांडा बाजूला आहे का बघा.

मूळ लेखक
बघितलं. टोकं इतकी धारदार की अंगठ्याला लागलं. अर्ध्या फेरीपर्यंत अंतर वाढत जातं, पुढं परत कमी. गिअरवाल्याकडचं काम रद्द केलं, त्याला चहा पाजून. बाजूचा दांडा मी ब्रेक समजून बांधून ठेवला होता, तो स्प्रिंगलाच जोडलेला निघाला! सोडला, टोकाकडं सैल करत गेलो आणि खोली आटोक्यात आली. वडील काही बोलले नाहीत, दुपारी मात्र ती कानस मागून नेली.

आता पुढचं. पाणी देताना, म्हणजे कडक करायला तापवून बुडवताना, कानस लाल तापवली की दात्यांच्या धारा जळतात. काय करू?

प्रतिसाद २
मीठ आणि पिठाची दाट लापशी करून दात्यांवर थापा, वाळू द्या, मग तापवा. हवा लागली नाही की धार जळत नाही. मिठाच्या पाण्यात उभी, सरळ बुडवा. तिरकी गेली तर वाकलीच समजा.