छोटी सेकंडहँड गाडी: कमी रनिंगवाली जुनी घेऊ की जास्त रनिंगवाली नवी?

पहिलीच_गाडी
नमस्कार मंडळी. आयुष्यातली पहिली गाडी घेतोय, तीही सेकंडहँड, आणि फसलो तर लगेच दुसरी घ्यायची ऐपत नाही हे आधीच सांगून टाकतो. रोजचं जाऊन-येऊन ४० किमी, घरात बायको, लहान मुलगी, अधूनमधून आईबाबा. पेट्रोल हॅचबॅक हवी. शोधून शोधून दोन गाड्यांवर अडकलोय, दोन्हींची किंमत जवळपास सारखीच सांगतायत.
एक आहे १२ वर्षं जुनी, ऑटोमॅटिक, रनिंग फक्त ३८,००० किमी. चकाचक. कुणा आजोबांची होती म्हणे, फारशी बाहेरच काढायचे नाहीत.
दुसरी ६ वर्षं जुनी, मॅन्युअल, १,१०,००० किमी पळालेली, बंपरला ओरखडे, सीट मळकट, पण मालकाकडे सर्व्हिसच्या पावत्यांची जाडजूड फाइल आहे.
घरचे सगळे पहिलीच्या बाजूने. मलाही ३८ हजार वाचून भुरळ पडलीये, खोटं कशाला बोलू. काय करू?

चौथा_गिअर
जॅझ, स्विफ्ट यातली कुठलीही घ्या डोळे मिटून. विषय संपला.

काळे_हात
डोळे मिटून कुठलीच घेऊ नको दादा. चांगल्या मॉडेलची हाल केलेली गाडी ही साध्या मॉडेलच्या नीट ठेवलेल्या गाडीपेक्षा कधीही महागात जाते, रोज बघतो मी गॅरेजमध्ये.
आता ते ३८ हजार. भागिले १२ कर, महिन्याला अडीचशे-पावणेतीनशे किमी होतात. म्हणजे एक तर मीटर मागे फिरवलाय किंवा गाडी खरंच उभी होती, आणि खरंच उभी असली तरी त्यात कौतुक काही नाही. उभ्या गाडीचं रबर वाळतं, होस पाइप, ऑइल सील, सस्पेन्शनचे बुश सगळं कडक होऊन तडकतं. शिवाय अशी गाडी निघाली की दोन-तीन किमी जाऊन परत येणार, इंजिन नीट तापतच नाही, मग जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं आणि सायलेन्सर आतून गंजत जातो. बाहेरून पॉलिश मारलेली असते त्यामुळे कळत नाही.
इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवायला टायमिंग चेन आहे की बेल्ट हे पहिल्यांदा विचार. बेल्ट असेल तर तो किमीवर आणि वर्षांवर असा दोन्हींवर बदलायचा असतो, जे आधी येईल ते, म्हणजे ३८ हजारच झाले तरी १२ वर्षांचा बेल्ट संपलेलाच धरायचा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. चेन असेल तर सहसा बदलावी लागत नाही, पण ऑइल वेळेवर बदललेलं पाहिजे, नाहीतर ती सैल पडून सकाळी स्टार्टला खडखडते.
मीटर खरा का खोटा हे झिजेवरून ओळख, पेडलचं रबर बघ, स्टीअरिंगची चकाकी बघ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघ. टायरवर DOT अशा इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच, २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीचाही वाच.

ताक_फुंकून
थोडं उलटं बोलतो, कारण मी त्या जाडजूड फाइललाच भुललो होतो. मालकाने टेबलावर फाइल ठेवली, मी वजन बघून खूश, आत उघडून वाचलं कुणी! घरी आणल्यावर बघितलं तर सगळ्या पावत्या ऑइल, फिल्टर, वॉशिंगच्या, एक लाख किमीपर्यंत क्लच ओरिजिनल, शॉकअप ओरिजिनल, ब्रेक ऑइल कधी बदललं त्याचा पत्ता नाही. पहिल्या चार महिन्यांत हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. गाडी वाईट नव्हती, फक्त आधीच्या माणसाने सगळे मोठे खर्च टाळून बरोबर वेळेला विकली.
म्हणून फाइल घेऊन बस आणि तारीख अन् किमी ओळीने चढत जातात का बघ, मध्ये दीड-दोन वर्षांचा खड्डा आहे का बघ. आणि क्लच असा तपास, रिकामा रस्ता बघून ५० च्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये घाल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. इंजिनचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी तिथल्या तिथेच, तर क्लच स्लिप होतोय.

स्कॅनर_ताई
दोघांचंही पटतं. माझी भर एवढीच की विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेव, मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेव. गरम इंजिन पुष्कळ काही लपवतं. थंड स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि कूलंट कमी होतंय म्हणजे हेड गास्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालची सीलची पट्टी, फुटल्याची शंका घ्यायची. ऑइल कॅपच्या आत दुधाळ फेस दिसला तर लगेच घाबरू नको, फार कमी चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो येतो, पण मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नको.
ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र, मिळाला तर घेऊन जा. नुसते एरर कोड बघू नको, ते एका बटणात पुसता येतात. त्यात रेडीनेस मॉनिटर नावाचा भाग असतो तो बघ, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते तो दाखवतो. कोड पुसले की हे मॉनिटरही रिसेट होतात आणि परत पूर्ण व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या स्पीडला चालावी लागते. कोड एकही नाही आणि मॉनिटर बरेचसे अपूर्ण, म्हणजे कुणीतरी नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.
ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून आर (रिव्हर्स) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये टाक, लगेच गिअर पकडला पाहिजे. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल वरवरच्या सफाईत निघत नाही, तिथे राहतो.
बजेटमधला दहावा हिस्सा तरी बाजूला ठेव, सगळा गाडीत घालू नको.

पहिलीच_गाडी
काल दोन्ही बघून आलो, मेकॅनिकला घेऊन.
पहिलीचं बोनेट गरम! आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, तर म्हणे आत्ताच धुवायला बाहेर काढली. ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात झिजून खालचा पत्रा दिसत होता, ३८ हजारात असं होतं का? आर मधून डी मध्ये टाकल्यावर मी मनात एक, दोन म्हणेपर्यंत काहीच नाही आणि मग धक्का. मेकॅनिकने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, आम्ही चावी परत दिली. आजोबा खरे होते का देव जाणे.
दुसरी थंड होती, एका झटक्यात स्टार्ट. टायमिंग चेन आहे, आवाज नाही. मॉनिटर सगळे पूर्ण. फाइल तिथेच बसून वाचली, मालक जरा वैतागला पण वाचली. ऑइल दर १० हजारला, ९० हजारला कूलंट आणि ब्रेक ऑइल, पुढचे शॉकअप गेल्या वर्षी. क्लच मात्र कधीच नाही. स्लिप होत नाही पण पेडल फार वर आल्यावर पकडतो, मेकॅनिक म्हणाला काही महिन्यांचाच आहे. पुढच्या चाकांना खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुशही गेलेत. त्या दोन कामांचा खर्च किमतीतून कमी करायला मालक अर्ध्या तासाने तयार झाला आणि मी विसार देऊन आलो. घरचे अजून चकाचकवरच आहेत, सीट धुतल्यावर बोलू म्हणालो.

काळे_हात
बरं केलंस. क्लच करताना नुसती प्लेट नको, क्लचचेच बाकीचे भाग, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, सोबतच टाक, आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर इंजिनच्या मागचं ऑइल सील ओलं आहे का ते तिथे उभं राहून बघ. सील स्वस्त असतं, पण नंतर गळायला लागलं तर तेवढ्यासाठी परत अख्खा गिअरबॉक्स खाली.